पाण्याच्या पाळ्या ठरवण्याआधी आम्हांला एकत्र बसू द्या : कालवा सल्लागार समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
कालवा सल्लागार समिती

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी रब्बीच्या तोंडावर आमच्या कालव्यावरील वरच्या गावांनी आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, गावांनी मिळून एक निवेदन आपल्या समितीकडे दिले होते. पाण्यावरून वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध अर्ज करणाऱ्या गावांनी एकाच कागदावर सह्या केल्याचे मी तरी त्याआधी पाहिले नव्हते. ते निवेदन आपल्या बैठकीत वाचले गेले नाही आणि इतिवृत्तात त्याचा साधा उल्लेखही आला नाही. नेहमीप्रमाणे दोन्ही टोकांची शिष्टमंडळे वेगवेगळ्या वेळी बोलावली गेली, दोघांना वेगवेगळी आश्वासने मिळाली आणि कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांच्या तारखा दरवर्षी ठरतात तशाच ठरल्या. आता पुन्हा 15 ऑक्टोबरचा धरणसाठा मोजला जाईल, त्यावर रब्बी आणि उन्हाळी हंगामाचा कार्यक्रम आखला जाईल आणि समितीची बैठक लागेल. त्याआधी हे पत्र लिहिणे मला भाग आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण गेल्या वर्षीचे निवेदन बंद पाकिटातून गेले होते.

मी गिरणा खोऱ्यात, जळगाव जिल्ह्यात राहते. कालव्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. खान्देशातल्या कुठल्याही कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे वर्णन आपलेच वाटेल, आणि एखाद्या अधिकाऱ्याला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. माझे माहेर याच कालव्याच्या वरच्या भागात आहे आणि सासर शेवटच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे निघणाऱ्या शेवटच्या फाट्यावर. माझे भाऊ केळी आणि लिंबू करतात. आमच्या घरी कापूस, गहू, हरभरा आणि थोडी दादर ज्वारी असते. दोन्ही घरांच्या ओट्यावर पाण्याच्या गोष्टी मी ऐकत आले आहे. माहेरी ऐकायचे की टेलवाले फुकट ओरडतात. सासरी ऐकायचे की वरचे लोक चारीचे दार रात्री उघडून पाणी पळवतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेल्यावर जेवणाच्या ताटावरसुद्धा हा विषय निघतो. आमच्या भागातल्या शेकडो घरांची हीच स्थिती आहे, कारण सोयरिकी याच कालव्याच्या काठाकाठाने झालेल्या आहेत. कालव्याचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर मी गेले ते या दोन घरांमधली माणसे एकमेकांशी बोलती व्हावीत म्हणून.

माझी पहिली तक्रार आपल्या ऐकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. शिष्टमंडळ एकटे येते तेव्हा ते गरज सांगत नाही, मागणी सांगते. आणि मागणीत काटछाट होणार हे गृहीत धरून ती आधीच फुगवलेली असते. वरच्या गावांना तीन पाळ्यांत भागणार असेल तर ती पाच मागतात. टेलची गावे त्याहून जास्त मागतात, कारण पाच मिळाल्या तरी दोनच आपल्यापर्यंत पोहोचतील हा त्यांचा अनुभव आहे. मग मधला कुठलातरी आकडा काढला जातो आणि त्याला तडजोड म्हटले जाते. या सगळ्यात कोणाला पाणी नेमके केव्हा आणि कशासाठी हवे आहे, हा प्रश्न कोणीही कोणाला विचारलेला नसतो. दोन्ही बाजू बाहेर पडतात त्या आपले ऐकले गेले नाही आणि समोरच्याचे ऐकले गेले, हीच समजूत घेऊन. त्या समजुतीची किंमत पुढे चारीवर, रात्रीच्या वेळी मोजली जाते आणि तिथे समितीचे कोणीही नसते.

दुसरी तक्रार तारखांची आहे. ती नीट समजावी म्हणून निवेदनाआधी झालेल्या आमच्या बैठकीबद्दल सविस्तर लिहिते.

ती बैठक वरच्या एका गावाच्या शाळेत झाली. सुरुवातीचा बराच वेळ जुन्या आरोपांत गेला: कोणी कुठल्या साली दार तोडले, कोणाच्या मोटारी कालव्यावर बसलेल्या आहेत, कोणी कोणावर पोलिसांत अर्ज दिला. त्यानंतर वरच्या गावातले एक वयस्कर शेतकरी उठले आणि त्यांनी अहिराणीत विचारले, ‘पानी आमलेबी जोयजे, तुमलेबी जोयजे, मंग आपन भांडतस कसाले?’ (पाणी आम्हांलाही हवे, तुम्हांलाही हवे, मग आपण भांडतो कशाला?) या प्रश्नावर लगेच उत्तर कोणाकडे नव्हते. शाळेच्या मास्तरांनी तेवढ्यात फळ्यावर कार्तिकापासून वैशाखापर्यंतचे महिने लिहिले आणि प्रत्येक गावाने कुठल्या पंधरवड्यात, कुठल्या पिकाला, पाण्याशिवाय चालणारच नाही तेवढेच सांगावे, असे सुचवले.

फळा भरला तेव्हा दिसले ते असे. वरच्या गावांच्या विहिरी पाऊस बरा झाला असेल तर माघापर्यंत पुरतात. त्यांच्या केळीला ठिबक आहे; पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की त्यानंतर लावलेली कांदेबाग, हिवाळ्यात तिची चिंता नसते. त्यांना धास्ती असते ती चैत्र-वैशाखाची, गरम वारे सुटतात आणि विहिरी तळाला जातात त्या दिवसांची. टेलच्या गावांचे नेमके उलटे आहे. आमच्याकडे खडक वर आहे, विहिरींना पाणी टिकत नाही. पण मार्चअखेर गहू-हरभरा निघाला की शेतात उभे असे काही राहत नाही. त्यानंतर आम्हांला पाणी लागते ते माणसांना आणि गुरांना. म्हणजे ज्या काळात एका टोकाला पाणी जीव की प्राण असते, त्या काळात दुसरे टोक बरेचसे थांबू शकते. इतकी वर्षे आम्ही दोघेही सगळ्या पाळ्यांवर सारखाच हक्क सांगत भांडत होतो, आणि भांडणाला कारण ठरलेला आमच्या पिकांमधला हाच फरक मेळ घालायला उपयोगी होता.

गव्हाचे उदाहरण घ्या. पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, 42 दिवसांच्या सुमारास फुटवे पूर्ण होऊन कांडी धरू लागते, 60 ते 65 दिवसांनी पीक फुलोऱ्यात येते. कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की एकच पाणी मिळणार असेल तर ते 42 दिवसांनी द्यावे, दोन मिळणार असतील तर 21 आणि 65 दिवसांनी. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि घाटे भरताना पाणी मिळाले तरी पीक पदरात पडते. थोडक्यात, पाणी किती वेळा आले यापेक्षा कुठल्या आठवड्यात आले यावर आमचे पोते भरते. निवेदनाच्या आदल्या वर्षी पहिली पाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुटली, तेव्हा टेलच्या शेतांत कापूस उभा होता. दुसरी आमच्या चारीवर पोहोचली तेव्हा जानेवारी संपत आला होता, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्या गव्हाचे 21 आणि 42 दोन्ही दिवस उलटून गेले होते. कागदावर आम्हांला दोन पाळ्या मिळाल्या. गव्हाला त्यांतली एकही वेळेवर मिळाली नाही.

लवकर सुटलेल्या त्या पहिल्या पाळीने आणखी एक नुकसान केले, ज्यावर दोन्ही टोकांचे चटकन एकमत झाले. कापूस उभा असताना पाणी आले की शेतकरी फरदड घेतो, म्हणजे वेचणी झालेला कापूस तसाच ठेवून त्यावर पुन्हा पीक घेतो, आणि फरदडीवर गुलाबी बोंडअळी जगते. डिसेंबरनंतर कापूस शेतात ठेवू नका असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण कालव्याचे पाणीच कापसाच्या बुडाशी आले तर तो सल्ला कोण पाळणार? पुढच्या हंगामात ती अळी कुणाचे शेत वरचे आणि कुणाचे टेलचे हे पाहत नाही.

यावरून आमचे निवेदन तयार झाले. त्यात पहिली पाळी नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलावी, दुसरी डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यावी, या दोन्ही पाळ्यांत टेलपासून भरणे सुरू करावे आणि वरच्या गावांनी यादीत दिलेली शेते सोडून दारे बंद ठेवावीत, असे लिहिले होते. तिसरी पाळी फेब्रुवारीच्या सुरुवातीला सर्वांसाठी, आणि मार्चअखेरची चौथी वरच्या गावांच्या बागांसाठी. त्या चौथ्या पाळीसाठी टेलच्या गावांनी कालव्याचे पाणी मागण्याचे, नमुना नंबर 7 चे अर्ज भरायचे नाहीत, हे टेलच्याच लोकांनी सुचवले. पाळ्यांची संख्या समितीने दिलेल्या संख्येपेक्षा एकानेही वाढवलेली नव्हती.

वरच्या गावांनी दारे बंद ठेवणे कबूल केले ते आमच्यावर उपकार म्हणून केलेले नाही. कालवा शेवटपर्यंत वाहिला की वाटेतल्या विहिरींना पाझर मिळतो, हे त्यांना आमच्याहून चांगले माहीत आहे. पाणी पुढे जाऊ देण्यात त्यांचाही लाभ आहे, फक्त तो आजवर कोणी मोजून समोर ठेवला नव्हता. ठराव मोडणाऱ्याची पुढची पाळी बंद करावी, हा दंडसुद्धा वरच्याच एका गावाने लिहून दिला.

सगळ्याच बाबतींत आमचे जुळले, असे मी म्हणणार नाही. कालव्याच्या अस्तरीकरणावर, म्हणजे त्याचा तळ आणि काठ सिमेंटने बांधून काढण्यावर, जुळले नाही आणि लवकर जुळेल असे वाटतही नाही. अस्तर झाले तर गळती थांबून टेलला पाणी वाढेल, पण ज्या पाझरावर वरच्या विहिरी उभ्या आहेत तो आटेल. दोन्ही बाजूंची भीती खरी आहे. म्हणून आम्ही तो मुद्दा निवेदनाच्या शेवटी ‘एकमत न झालेला विषय’ म्हणून वेगळा लिहिला आणि दोघांचे म्हणणे दोघांच्या शब्दांत नोंदवले. एका विषयावर मतभेद आहे म्हणून बाकीच्या चार विषयांवरचे एकमत वाया घालवायचे नाही, एवढे त्या दिवशी सगळ्यांना पटले होते. समितीने मात्र एकमताचीही दखल घेतली नाही आणि मतभेदाचीही नाही.

तिसरी तक्रार आकड्यांची. कालव्याच्या तोंडाशी किती पाणी सोडले, मध्यावर किती पोहोचले आणि शेवटी किती उरले, हे आकडे आम्हांला कळत नाहीत. वरच्या टोकाला भरून वाहणारा कालवा दिसतो आणि शेवटच्या चारीवर घोट्याएवढे पाणी दिसते. मधले पाणी कुठे गेले याचे उत्तर ज्याला जो संशय सोयीचा तो देतो. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने, मोजून द्यायचे आहे. मोजमापाची साधने नादुरुस्त असतील आणि नोंदवह्या कपाटात असतील तर त्या कायद्याचा आम्हांला काय उपयोग?

चौथी तक्रार ज्यांना कोणीच विचारत नाही त्यांची. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे आणि त्यावर गावात वा शहरात कोणाचाही वाद नाही. परंतु नगरपालिकेचे प्रतिनिधी बैठकीत येतात ते पाण्याच्या आरक्षणाचा आकडा सांगण्यापुरते, आणि शेतकऱ्यांना वाटते की शहर आपले पाणी नेते. खरे पाहता नदीपात्राबद्दल दोघांचे हित एकच आहे. पिण्यासाठी पात्रात सोडलेले पाण्याचे आवर्तन काठच्या गावांच्या उपयोगी पडायचे असेल तर पात्रात वाळू हवी. वाळूच पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना देते. वाळूचा बेसुमार उपसा झाला की शहराची योजना आणि शेतकऱ्याची विहीर दोन्ही कोरड्या पडतात. गिरणेवर मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंत सात बलून बंधारे (फुगवता येणाऱ्या रबरी फुग्याचे बंधारे) व्हावेत ही मागणीही शहर आणि खेडी दोघांचीच आहे. मेंढपाळ, मासेमारी करणारी भिल्ल कुटुंबे, तांड्यावरचे भूमिहीन मजूर यांना तर समितीच्या बैठकीची तारीखही कळत नाही.

आपण कदाचित म्हणाल की शेतकऱ्यांचे असे ठराव बैठकीत शोभतात, प्रत्यक्षात टिकत नाहीत. या शंकेला उत्तर द्यायला मला खान्देशाबाहेर जावे लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षे फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात बाजरी किंवा ज्वारी, आणि दरवर्षी फेरपालट. कुठल्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळे मिळून ठरवत. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, तंट्याला पंच. पाटाचा गाळ काढायला हंगामाआधी सगळे लाभधारक जात.

ही व्यवस्था टिकली याचे कारण मला त्या जमिनीच्या वाटणीत दिसते. साधारणतः प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवला जाई किंवा त्याचे क्षेत्र कमी केले जाई, आणि तोटा सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येई. कोणा एकाचे पूर्ण बुडत नसे, म्हणून कोणाला ठराव मोडावासा वाटत नसे. फडांतली माणसेही एका जातीची, एका ऐपतीची किंवा एका मताची नव्हती. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, नगदी पिकांची ओढ वाढली आणि बहुतेक फड मोडले. आज ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही, हे मला कळते. वरच्या गावात माझी जमीन नाही आणि टेलला भावाची नाही. पण तोटा वाटून घेण्याची तयारी दोन्ही टोकांना पुन्हा निर्माण करता येते. आमच्या निवेदनात टेलने उन्हाळी पाळी सोडली आणि वरच्यांनी हिवाळ्यातली दारे बंद केली, ती हीच तयारी होती.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरण प्रकल्पावरही, दिंडोरी-ओझर भागात, 1990 च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेऊन पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्या वेळी ऐकून घेतले नसते तर ते घडले नसते.

समितीत लोकप्रतिनिधी आहेत, ते सगळ्यांचे म्हणणे मांडतात, असेही उत्तर मला मिळाले आहे. लोकप्रतिनिधींबद्दल मला आदर आहे. पण एका आमदारांचा मतदारसंघ वर असतो आणि दुसऱ्यांचा खाली, आणि आपल्या गावांसाठी भांडणे हे त्यांचे काम ठरून गेले आहे. दोन गावांनी आपसांत काय सोडायचे हे गावेच ठरवू शकतात, कारण सोडायचे ते त्यांचे असते. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी ठेवले आहेत, महिलांसाठी जागा ठेवल्या आहेत. कायदा करणाऱ्यांनी जी गोष्ट संस्थेच्या पातळीवर आवश्यक मानली, ती कालव्याच्या पातळीवर अनावश्यक कशी ठरते?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत लिहिते.

समितीच्या बैठकीपूर्वी प्रत्येक कालव्यावर वरच्या, मधल्या आणि शेवटच्या गावांची, पिण्याच्या पाणी योजनांची आणि पशुपालक-मच्छीमारांची एकत्र बैठक घ्यावी. वेगवेगळी शिष्टमंडळे भेटणे त्या काळापुरते थांबवावे. ती बैठक कालव्याच्या काठच्या गावात व्हावी आणि तिची दवंडी तांड्या-पाड्यांपर्यंत पोहोचावी.

त्या बैठकीत किती पाळ्या हव्यात हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी प्रत्येक गावाकडून पीक, पेरणीचा आठवडा आणि ज्याशिवाय चालणार नाही असे किमान पाणी लिहून घ्यावे. कृषी विभागाचा माणूस तिथे हजर असावा.

एकमत झालेले आणि न झालेले मुद्दे इतिवृत्तात वेगवेगळे नोंदवावेत. एकमताचा प्रस्ताव समितीला मान्य नसेल तर कारणे लेखी द्यावीत. कारण पटण्यासारखे असेल तर आम्ही ते मान्य करू. धरणात पाणीच नसेल तर आम्हीही आग्रह धरणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 प्रमाणे हे इतिवृत्त कोणी न मागता प्रसिद्ध व्हायला हवे. ते मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

पाळी चालू असेल तोवर तोंडाशी, मध्यावर आणि शेवटी किती पाणी वाहते आहे याचा आकडा रोजच्या रोज जाहीर करावा. तो घेताना दोन्ही टोकांचा एकेक माणूस सोबत असावा, म्हणजे आकड्यावरून वाद होणार नाही.

आणि नदीपात्रातल्या वाळूबाबत समितीने शहर आणि खेडी यांचा संयुक्त ठराव घेऊन तो महसूल विभागाकडे पाठवावा.

या मागण्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही. गेल्या वर्षीच्या निवेदनाची प्रत या पत्रासोबत पुन्हा जोडली आहे. त्यावर सह्या करणाऱ्या गावांची संयुक्त बैठक या वर्षीही कोजागरीच्या आसपास त्याच शाळेत होणार आहे. तिला समितीच्या सदस्यांपैकी कोणीतरी आणि सिंचन शाखेचे जबाबदार अधिकारी यांनी यावे, ही विनंती. येणे शक्य नसेल तर या वर्षी संयुक्त प्रस्ताव समितीपुढे वाचला जाईल की नाही, एवढे लेखी कळवावे. ते कळल्याशिवाय नमुना नंबर 7 चे अर्ज कुठल्या पाळीसाठी भरायचे, हे आमच्या गावांना ठरवता येत नाही.

आपली नम्र,
टेलच्या चारीवरील एक शेतकरी आणि पाणीवापर संस्थेची संचालक,
गिरणा खोरे, जळगाव जिल्हा